'सर्व्हर बसला', 'पडला', 'लटकला': नेमका अर्थ काय धरायचा?

महापे_रात्रपाळी:
ठाणे-बेलापूर रस्त्यावर एका ठिकाणी लिनक्स सर्व्हर सांभाळण्याचं काम करतो. टीममधले बहुतेक जण मराठी. तिकीट (बिघाडाची नोंद) इंग्रजीत भरतो, पण पाळी बदलताना आणि रात्री फोनवर जे सांगितलं जातं ते मराठीत. तिथे रोज ऐकू येणारे शब्द: बसला, पडला, झोपला, लटकला, मेला, गेला, उडाला. ज्याला जो सुचेल तो. 'बसलाय' ऐकल्यावर एक जण सरळ रिबूट करायला निघतो आणि दुसरा आधी डिस्क बघतो. रिबूट केलं की त्या क्षणी मशीनवर काय चाललं होतं हे सांगणाऱ्या निम्म्या खुणा नाहीशा होतात, मग कारण कधीच सापडत नाही.
मला नवे प्रतिशब्द नको आहेत. जे शब्द तोंडात आहेत त्यांचेच अर्थ पक्के करता येतील का?

नौपाडा:
मी भाषेच्या बाजूने लिहिते, मशीनचं इतरांनी सांगावं. 'पडला' हा 'बंद पडला' याचाच आखूड प्रकार दिसतो. 'डाउन' या शब्दाने त्याला बळ मिळालं असेल, पण गिरणी बंद पडते, घड्याळ बंद पडतं, हे मराठीत आधीपासून आहे. 'बंद'पुढे कोणतं क्रियापद येतं तिकडे लक्ष द्या. बंद केली म्हणजे कोणीतरी ठरवून केली. बंद पडली म्हणजे आपोआप, कोणाच्या मनात नसताना. बंद पाडली म्हणजे चालू असलेली दुसऱ्या कोणीतरी जबरदस्तीने थांबवली. कारखाना बंद पाडला म्हणतो तसं. 'बंद झाली' यातून काहीच कळत नाही, आणि 'बंद आहे' यातून तर त्याहून कमी. तुमच्या कामात हा फरक लागतो का?

रबाळे_लोकल:
नौपाडा ताई, लागतो म्हणजे काय, आम्ही रोज तोच शोधत असतो! सिस्टिमसीटीएल स्टेटस ही कमांड दिली की सर्व्हिसची (मागे सतत चालणाऱ्या प्रोग्रॅमची) अवस्था दिसते. माणसाने स्टॉप दिला असेल तर 'इनॅक्टिव्ह'. प्रोग्रॅम आतून कोसळला किंवा एरर कोड देऊन बाहेर आला तर 'फेल्ड'. आणि मेमरी संपत आली म्हणून कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) तिला उचलून मारलं असेल, तर अवस्था 'फेल्ड'च, पण कारणाच्या जागी 'ऊम-किल' ('आउट ऑफ मेमरी'वरून) असं येतं. म्हणजे बंद केली, बंद पडली, बंद पाडली. तिन्ही जागा तुम्ही म्हणता त्या क्रियापदांनी भरतात.
तिन्हींचा उपायही वेगळा. 'केली' असेल तर सुरू करण्याआधी कोणी केली ते विचारायचं, कदाचित पॅच (सुधारणा) बसवणं चालू असेल. 'पडली' असेल तर तिच्या स्वतःच्या लॉगमध्ये (नोंदवहीत) जायचं. 'पाडली' असेल तर तिच्या लॉगमध्ये काहीच सापडणार नाही, कारण तिला शेवटचा शब्द बोलायलाही वेळ मिळालेला नसतो. तिथे डीमेसेज (कर्नलचे संदेश) किंवा जर्नल (सिस्टिमचा लॉग) बघायचं, आणि मेमरी नक्की कोणी खाल्ली ते शोधायचं. कर्नल बहुधा सगळ्यात जास्त मेमरी धरून बसलेल्याला मारतो. मेमरी हळूहळू गळणारी प्रोसेस (चालू असलेला प्रोग्रॅम) दुसरीच असेल आणि बळी डेटाबेसचा जाईल, असंही होतं.

घणसोली_सेक्टर:
एक दुरुस्ती. 'इनॅक्टिव्ह' दिसलं म्हणजे माणसानेच बंद केली असं नक्की धरू नका. प्रोग्रॅम आपलं काम आटोपून शून्य कोडने बाहेर पडला तरी तीच अवस्था दिसते. तिथे 'संपली' म्हणावं. कंटेनरवाल्यांसाठी (प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यात चालवणाऱ्यांसाठी): बाहेर येताना १३७ हा कोड दिसला तर तो १२८ अधिक ९, म्हणजे सिग्नल ९ ने (ताबडतोब मारणाऱ्या हुकमाने) मारली गेली. १४३ असेल तर १२८ अधिक १५, म्हणजे तिला नीट आवरायला सांगितलं होतं. 'किल झाली' असं मोघम सांगण्यापेक्षा हा आकडा सांगा.

कळव्याची:
लिंगाकडे कोणाचं लक्ष गेलं नाही का? फोनवर आवाज तुटत असला तरी 'पडला' की 'पडली' एवढं ऐकू येतं. सर्व्हर पडला, सर्व्हिस पडली. आमच्याकडे हे इतकं अंगवळणी पडलंय की 'पडली' ऐकलं की मी लॉगिन करून बघते, 'पडला' ऐकलं की थेट कन्सोलकडे (मशीनच्या स्वतःच्या पडद्याकडे) जाते. अडचण फक्त 'डेटाबेस'ची. कोणी तो म्हणतं, कोणी ते. आम्ही ठरवून 'ती डीबी सर्व्हिस' म्हणायला लागलो, कारण मशीन आणि त्यावरचा डेटाबेस यांत गल्लत होत होती.

महापे_रात्रपाळी:
हे फार उपयोगी आहे, दोघींचेही आभार. आता 'बसला' आणि 'लटकला'?

वागळे_इस्टेट:
यावर सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो.
आधी 'झोपला' काढून टाका. युनिक्सच्या दुनियेत झोपणं ही निरोगी अवस्था आहे. पीएस (प्रोसेसची यादी देणारी कमांड) चालवून अवस्थेचा रकाना बघा, बहुतेक प्रोसेस 'एस' म्हणजे झोपलेल्या दिसतील. काम आलं की उठतात, संपलं की झोपतात. वेब सर्व्हर रात्री तीन वाजता झोपलेला असणं चांगलंच. नवीन मुलगा 'झोपलाय' ऐकून पीएस बघतो, तिथे खरंच 'एस' दिसतो, आणि चुकीच्या रस्त्याला लागतो.
'लटकला' हा शब्द मात्र 'डी' या अवस्थेसाठी राखून ठेवावा. यात प्रोसेस कर्नलच्या आत, बहुधा डिस्कच्या किंवा नेटवर्कवरच्या स्टोरेजच्या उत्तराची वाट बघत अडकलेली असते आणि तिला मध्येच हाक मारता येत नाही. किल -९ दिलं तरी सिग्नल दारातच थांबतो. एनएफएसचा (नेटवर्कवरून फाइली देणारा) सर्व्हर पलीकडे गेला आणि माउंट (त्या स्टोरेजची जोडणी) 'हार्ड' असला की प्रोसेस हमखास अशी अडकते, मात्र नव्या कर्नलवर एनएफएसमध्ये अडकलेली बरेचदा किल -९ ने सुटते. मग डीएफ (डिस्कवरची मोकळी जागा दाखवणारी कमांड) चालवलं तर डीएफसुद्धा लटकतं, कारण तेही त्याच माउंटला जागा विचारायला जातं. अशा वेळी डीएफला -एल दिलं तर ते फक्त मशीनवरच्याच फाइल सिस्टिम बघतं आणि परत येतं.
आणि 'लोड'. 'सर्व्हरवर लोड आहे' म्हणजे सीपीयू दमलाय असं सगळे धरतात. लिनक्समध्ये लोड ॲव्हरेज मोजताना चालू असलेल्या आणि चालायला तयार असलेल्या प्रोसेसबरोबर या 'डी'मधल्याही मोजल्या जातात. १९९३ पासून तसं आहे. इतर बऱ्याच युनिक्समध्ये फक्त सीपीयूसाठी रांगेत असलेल्याच धरतात. म्हणून चार कोरच्या मशीनवर लोड ६० आणि सीपीयू जवळजवळ रिकामा, असं चित्र दिसू शकतं. तिथे सीपीयू वाढवून काडीचा फरक पडणार नाही. व्हीएमस्टॅट ही कमांड लावा. 'आर'चा आकडा मोठा असेल तर गर्दी सीपीयूसाठी आहे, 'बी'चा मोठा असेल तर मंडळी लटकलेली आहेत. बोलतानाही तेवढंच सांगावं: 'लोड साठ, सगळे लटकलेले' किंवा 'लोड साठ, सगळे पळतायत'.
उरला 'बसला'. घसा बसतो, इंजिन बसतं, धंदा बसतो. वस्तू जागेवर असते, तिच्याकडून काम होत नाही. मशीन पिंगला ('आहेस का?' या हाकेला) उत्तर देतंय पण लॉगिन होत नाही, किंवा होतं पण प्रत्येक कमांडला मिनिट लागतं, ते 'बसला'. स्वॅपमध्ये (मेमरी अपुरी पडल्यावर डिस्कवर घेतलेल्या जागेत) घुसमटलेलं मशीन हे त्याचं नेहमीचं उदाहरण. माझ्या मते हा शब्द लक्षणापुरता ठेवावा, कारण सांगायला वापरू नये.

रबाळे_लोकल:
काका, 'हँग'बद्दल एक भर. बरेचदा मशीन ठणठणीत असतं आणि फक्त टर्मिनल थिजलेलं असतं. कंट्रोल-एस चुकून दाबलं गेलं की पडद्यावर येणारा मजकूर थांबतो. टेलिटाइपच्या काळापासून चालत आलेली सोय आहे ती. कंट्रोल-क्यू दाबलं की सुटतं. 'सर्व्हर हँग' म्हणून फोन आला की आधी हे करायला सांगतो.

कोपरखैरणे_१५:
'पडला'मध्ये अजून दोन प्रकार वेगळे सांगायला हवेत. पोर्टवर (सर्व्हिसच्या क्रमांकाच्या दारावर) जोडायला गेलं आणि लगेच 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं तर मशीन जिवंत आहे; त्या पोर्टवर कोणी ऐकत बसलेलं नाही एवढंच कर्नलने कळवलं. 'टाइमआउट' आलं तर पॅकेट वाटेत हरवलं, फायरवॉलने गिळलं, किंवा मशीनच नाही. पहिल्याला आम्ही 'नकार आला' म्हणतो, दुसऱ्याला 'उत्तर नाही'. 'कनेक्ट होत नाही' हे दोन्हींना लागू पडतं, म्हणून ते कोणी बोललं की परत विचारावं लागतं. फायरवॉल काही वेळा मुद्दाम नकार पाठवते हेही लक्षात असू द्या.

कळव्याची:
आणि 'मेला'? झॉम्बी प्रोसेसला आमच्याकडे 'मेलेली' म्हणतात आणि मग तिला किल करायला जातात. मेलेल्याला परत कसं मारणार?

वागळे_इस्टेट:
बरोबर बोललीस. प्रोसेस संपलेली असते, मेमरी सोडलेली असते. तिचा क्रमांक आणि ती कशी संपली हा कोड, एवढी नोंद यादीत राहिलेली असते, ती जन्मदात्या प्रोसेसने वाचून घेईपर्यंत. रेशनकार्डावर मयताचं नाव तसंच राहतं, घरच्यांनी जाऊन कमी करेपर्यंत, तसं आहे हे. म्हणून तक्रार घरच्यांकडे न्यायची: पालक प्रोसेस आपलं काम करत नाहीये. तिला रिस्टार्ट केलं की अनाथ झालेल्या नोंदी पीआयडी १ या सगळ्यांत आधी सुरू होणाऱ्या प्रोसेसकडे जातात आणि ती त्या निकाली काढते. दोनचार असतील तर काही बिघडत नाही. शेकड्यांनी वाढत असतील तर क्रमांक संपायला लागतात आणि नवी प्रोसेस जन्मायची थांबते.
'मेलेली'ऐवजी 'नोंद उरलेली' म्हणावं. लिहिताना झॉम्बीच लिहा, कारण 'झोंबी' म्हणजे मराठीत अंगाला अंग भिडवून केलेली झटापट.

नेरुळ_सावंतवाडी:
थोडं विषय सोडून, पण राहवत नाही. डीमनला (मागे न दिसता चालणाऱ्या प्रोग्रॅमला) कुणीतरी 'राक्षस' लिहिलेलं वाचलं आणि वाईट वाटलं. एमआयटीमधल्या मंडळींनी १९६३ च्या सुमारास हा शब्द घेतला तो मॅक्सवेलच्या विचारप्रयोगातल्या डीमनवरून, जो न दिसता रेणू वेगळे करत बसतो. मूळ ग्रीक कल्पनेत तो चांगला किंवा वाईट असा ठरलेला नाही. आमच्या कोकणात याला जुळता शब्द आहे, राखणदार. दिसत नाही, जागेवर असतो, हाक मारली की ओ देतो. बोलण्यात रुळेल का हे माहीत नाही, पण शिकवताना मी हाच वापरतो आणि मुलांना लगेच पटतं.

घणसोली_सेक्टर:
शब्द सुंदर आहे, पण राखणदार राखण करतो. प्रिंटची रांग सांभाळणारा किंवा क्रॉन (ठरल्या वेळची कामं) चालवणारा डीमन कसली राखण करतो? शिकवताना ठीक. पाळी सोपवताना 'सर्व्हिस' पुरे.

नेरुळ_सावंतवाडी:
मान्य. शिकवण्यापुरताच म्हणतोय.

महापे_रात्रपाळी:
अजून एक, 'डिस्क भरली'. गेल्या आठवड्यात यावरून बराच वाद झाला.

रबाळे_लोकल:
एका वाक्यात चार वेगळ्या गोष्टी लपतात, म्हणून वाद होतो.
एक, खरंच जागा संपली. दुसरं, जागा आहे पण आयनोड (प्रत्येक फाइलला लागणाऱ्या नोंदी) संपले. लाखो बारीक फाइली, सेशनच्या किंवा मेलच्या रांगेतल्या, असल्या की होतं. एरर तोच येतो, 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस', आणि डीएफ -एच मात्र अर्धी डिस्क रिकामी दाखवतं. डीएफ -आय बघितल्याशिवाय कळत नाही. तिसरं, ईएक्सटी४ या प्रकारात फाइल सिस्टिम बनवताना ५ टक्के जागा मुळात रूटसाठी (मुख्य युजरसाठी) राखीव ठेवली जाते. साध्या युजरच्या प्रोग्रॅमला जागा संपल्याचं कळतं आणि रूटने लिहून बघितलं तर लिहिलं जातं. मग 'माझ्याकडे तर चालतंय' सुरू होतं.
चौथं सगळ्यात फसवं. मोठा लॉग कोणीतरी 'उडवला', तरी जागा मोकळी होत नाही. डीएफ भरलेली दाखवतं, डीयूला (फाइली मोजणाऱ्या कमांडला) काही सापडत नाही. आरएम ही कमांड फाइल उडवत नाही, फक्त नाव पुसते. एखाद्या प्रोसेसने ती उघडी धरली असेल तर आतला मजकूर तिने सोडेपर्यंत जागेवरच राहतो. एलएसओएफला (उघड्या फाइली दाखवणाऱ्या कमांडला) +एल१ दिलं की अशा निनावी फाइली आणि त्या कोणी धरल्यात ते दिसतं. ती सर्व्हिस रिस्टार्ट केली, किंवा लॉग नव्याने उघडायला सांगितलं, की जागा सुटते.
म्हणून आमच्याकडे 'जागा संपली', 'आयनोड संपले', 'राखीव उरली' आणि 'नाव पुसलंय पण धरून ठेवलीय' असे चार प्रकार बोलतात. 'उडवली' हे बॅकअपमधूनच परत आणावी लागेल अशा फाइलसाठी ठेवलंय.

नौपाडा:
'धरून ठेवलीय' फार आवडलं. 'ठेवणे' लागलं की क्रिया चालू राहिल्याचं कळतं. 'लॉग बघ' आणि 'लॉगवर टेल लावून ठेव' यातही तोच फरक ना?

रबाळे_लोकल:
अगदी तोच. पहिल्यात एकदा बघून सांगायचं. दुसऱ्यात टेल -एफ चालू करून नवी ओळ येईल तशी बघत राहायचं. फक्त 'एफ' लहान असेल तर लॉग फिरवल्यावर (जुना बाजूला ठेवून नवा सुरू केल्यावर) ते जुन्याच फाइलला चिकटून राहतं आणि नवीन काहीच दिसत नाही. मोठा एफ द्या, मग तो नावाचा पाठलाग करतो.

महापे_रात्रपाळी:
शेवटचं विचारतो, 'डिस्क गेली' कधी म्हणायचं? काल एकाने म्हटलं आणि बदलायची डिस्क मागवायची तयारी सुरू झाली. निघालं ते वेगळंच.

वागळे_इस्टेट:
'गेली' हा शब्द हार्डवेअरसाठी राखा आणि पुराव्यानंतरच वापरा. डीमेसेजमध्ये आय-ओ एरर येतायत का, स्मार्टसीटीएल (डिस्कची तब्येत सांगणारी कमांड) काय म्हणतं, रेड (अनेक डिस्कची जोडणी) असेल तर त्यातली डिस्क बाहेर पडलीय का, हे आधी. त्या मुलाने बहुतेक 'रीड-ओन्ली फाइल सिस्टिम' हा एरर बघितला असेल. फाइल सिस्टिममध्ये विसंगती आढळली तर कर्नल ती केवळ वाचण्यापुरती करून ठेवू शकतो, पुढचं नुकसान थांबावं म्हणून. त्याला 'लिहिणं थांबलं' म्हणा. कारण डिस्क असू शकते, केबल असू शकते, व्हर्च्युअल मशीन असेल तर पाठीमागचं स्टोरेज काही क्षण तुटलेलं असू शकतं. अशा वेळी घाईने रीमाउंट करून लिहायला लागू नका. आधी डीमेसेज कॉपी करून दुसऱ्या मशीनवर ठेवा, कारण या मशीनच्या डिस्कवर तो आता लिहिला जाणार नाही.