आयोनायझिंग ब्लोअर: प्लसला ७ सेकंद, मायनसला अडीच. पॉट फिरवू का?

पिंगुळी_असेंब्ली: कुडाळ एमआयडीसीत पीसीबी असेंब्लीचं छोटं युनिट आहे. बेंचवरच्या एसी (अल्टरनेटिंग करंटच्या) आयोनायझिंग ब्लोअरची, म्हणजे स्थिर वीज घालवायला आयन फुंकणाऱ्या पंख्याची, सहामाही तपासणी चालू आहे. चार्ज्ड प्लेट मॉनिटरची (प्लेट चार्ज करून ती किती वेळात उतरते ते मोजणारं यंत्र) प्लेट १५ बाय १५ सेंमी, ब्लोअरसमोर ३० सेंमीवर, पंखा मधल्या स्पीडवर. +१००० वरून +१०० व्होल्टवर यायला ७ सेकंद, −१००० वरून −१०० ला २.५. ऑफसेट, म्हणजे ब्लोअर चालू असताना प्लेटवर उरणारं व्होल्टेज, +६० व्होल्ट. मागच्या वेळी दोन्हीकडे अडीचच्या आसपास होतं. बॅलन्सचा पॉट (प्लस-मायनस आयन जुळवायचा नॉब) फिरवून ऑफसेट शून्यावर आणू का? खोलीत आर्द्रता ७२ टक्के.

सुई_आणि_हवा: पॉटला आत्ता हात लावू नका. प्लसची प्लेट निगेटिव्ह आयन उतरवतात. प्लस हळू आणि ऑफसेटही प्लस, म्हणजे निगेटिव्ह आयन कमी पडताहेत. पॉटने ते झाकलं जाईल, आयन सोडणाऱ्या सुयांवरची घाण तशीच राहील. एएनएसआय/ईएसडी एस २०.२० या स्थिर विजेपासून संरक्षणाच्या मानकाप्रमाणे ऑफसेट ±३५ व्होल्टच्या आत हवा, डिस्चार्जच्या वेळेची मर्यादा मात्र ज्याची त्याने ठरवायची असते.

पण त्याआधी प्लेट तपासा, कारण ७२ टक्के आर्द्रतेत मला तिचाच संशय येतो. ब्लोअर बंद करून प्लेट १००० व्होल्टला चार्ज करा आणि ५ मिनिटं थांबा. १० टक्क्यांहून जास्त उतरली तर आत्ताची रीडिंग धरू नका. किती उतरली ते कळवा.

पिंगुळी_असेंब्ली: ५ मिनिटांत १००० वरून ६४०.

जांभा_अर्थिंग: मग प्लेटखालचे इन्सुलेटर गळताहेत. खाऱ्या दमट हवेचा पापुद्रा बसतो, त्यावर बोटांचे ठसे. लिंट न सुटणाऱ्या कापडावर आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) घेऊन पुसा, पूर्ण वाळू द्या, मग पुन्हा ५ मिनिटं. एवढ्या गळतीने ७ सेकंदांचे २.५ होत नाहीत, हे खरं. पण गळती वाढत गेली की वेळ कमी दिसते आणि ऑफसेट शून्याकडे ओढला जातो. दोन्ही चुका ब्लोअरला पास करणाऱ्याच! पावसाळ्यात म्हणूनच ही तपासणी एअर कंडिशनर चालू असलेल्या खोलीत घ्या.

अर्थही बघा. जांभ्यातला अर्थ पिट एप्रिल-मेमध्ये कोरडा पडतो. ब्लोअर, मॉनिटर आणि बेंचवरची अँटिस्टॅटिक मॅट एकाच कॉमन अर्थ पॉइंटवर हवेत. वेगवेगळ्या सॉकेटवर असतील तर ऑफसेट कशामुळे आला ते कळणारच नाही.

सुई_आणि_हवा: प्लेटवर चार्ज टिकू लागला की सफाईआधीची रीडिंग नोंदवा, नंतर तुलनेला तीच लागतात. मग प्लग काढा, सुयांवरची पांढरी भुकटी आयपीएच्या स्वॅबने टोकाकडे पुसत न्या. टोक बोथट वाटलं तर सुई बदला. मागची जाळी आणि फिल्टर झटका: हवा कमी झाली की दोन्ही पोलॅरिटी सारख्याच मंदावतात, तुमच्यासारखी एकच नाही.

नंतर ब्लोअर १५ मिनिटं चालू ठेवून मोजा. रिस्ट स्ट्रॅप (अर्थला जोडलेला मनगटी पट्टा) घालून बाजूला उभे राहा. प्लास्टिकचे ट्रे आणि रेनकोट प्लेटपासून लांब.

पिंगुळी_असेंब्ली: इन्सुलेटर पुसल्यावर ५ मिनिटांत ९४०. सफाईआधी प्लस ७.३, मायनस २.६, ऑफसेट +६८. सुया पुसून: २.९, २.६, ऑफसेट +१४. पॉट तसाच ठेवला.

सुई_आणि_हवा: पास. आता ३० सेंमीवर न थांबता बोर्ड जिथे असतो तिथे, ६० सेंमीवर आणि दोन्ही कडांना मोजा. कडेला वेळ जास्त लागते आणि ऑपरेटरचा हात बहुतेक तिथेच असतो. सुयांची सफाई दर महिन्याला करा.