नव्या कर्नलनंतर बंद पडलेली उपकरणं: नागपूरकरांनो, तुमचे अनुभव लिहा

लिनक्सचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, अपग्रेड झाला, मशीन रीस्टार्ट केलं आणि वायफाय गायब, आवाज बंद, नाहीतर स्क्रीन काळी. मग कुणीतरी सांगतं, फॉरमॅट मारा, किंवा बर्डीवर जाऊन नवं कार्ड आणा. दोन्हींची गरज क्वचितच पडते, कारण उपकरण बहुतेक वेळा धडधाकट असतं. चांगल्या वस्तू अशा कचऱ्यात जाताना पाहून जीव तुटतो, म्हणून हा धागा. उपकरण कोणतं, कर्नल कोणता, डीमेसेजमध्ये (कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) काय दिसलं आणि शेवटी कशानं चाललं, एवढं जरूर लिहा.

सुरुवात मी करतो. माझ्या यूएसबी वायफाय डोंगलचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्राम, सोर्स कोडवरून बांधलेला होता. असं मॉड्यूल (कर्नलला जोडायची ड्रायव्हरची फाइल) ज्या कर्नलसाठी बांधलं त्याच्याच फोल्डरात बसतं. नवा कर्नल स्वतःच्या फोल्डरात शोधतो आणि तिथं ते नसतं. तोच ड्रायव्हर डीकेएमएस या साधनातून टाकला की दर नव्या कर्नलसोबत आपोआप पुन्हा बांधला जातो, फक्त त्या कर्नलचे हेडर्स (बांधणीला लागणाऱ्या फाइली) मशीनवर हवेत. नेट नव्हतं, तर फोन केबलनं जोडून यूएसबी टेदरिंगवर पॅकेजेस उतरवली.

नंदनवनहून: डीकेएमएस असूनही माझा ग्राफिक्सचा ड्रायव्हर बांधलाच जात नव्हता. उबुंटू २२.०४ वर ६.५ कर्नल आला होता. बांधणीचा मेक लॉग उघडला, तर जीसीसी-१२ हा कंपायलर सापडत नाही अशी ओळ. तो कर्नल जीसीसी १२ नं बांधलेला, मशीनवर २२.०४ चा नेहमीचा ११. जीसीसी-१२ टाकून डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल चालवलं आणि डिस्प्ले आला. लॉग वाचाच, राव.

धरमपेठहून: मॉड्यूल बांधलं गेलं होतं, पण लोड करताना ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’. म्हणजे सिक्युअर बूट (ओळखीची सही असलेलंच चालू देणारी सोय) सुरू आहे आणि मॉड्यूलवरची सही कर्नलला ओळखीची नाही. मोकयूटिल या कमांडनं त्या सहीची की इम्पोर्ट केली आणि एक पासवर्ड ठरवला. रीस्टार्टला निळी स्क्रीन येते, ती दहा सेकंदच थांबते. तेवढ्यात कोणतंही बटण दाबून ‘एनरोल मोक’ (की नोंदवा) निवडायचं आणि तोच पासवर्ड द्यायचा.

हिंगणा रोडहून: आमच्या प्रोजेक्टचा आर्डुइनो क्लोन (छोटा इलेक्ट्रॉनिक्स बोर्ड) दिसूनच नव्हता राहिला. लॅबचं मशीन उबुंटू २०.०४ वरून २२.०४ वर नेलं होतं, अन् सारे म्हणून राहिले होते की नवा कर्नलच गंडला. बोर्डावर यूएसबीसाठी सीएच३४० चिप. डीमेसेज चालू ठेवून केबल लावली, तर टीटीवाययूएसबी० हा बोर्डाचा पोर्ट जोडला गेला अन् लगेच सुटला. खालच्याच ओळीत ‘बीआरएलटीटीवाय’ हे नाव. हा प्रोग्राम अंध वापरकर्त्यांच्या ब्रेल डिस्प्लेसाठी असतो. काही ब्रेल डिस्प्लेंचा यूएसबी आयडी १ए८६:७५२३ हाच आहे, म्हणून तो आमचा बोर्ड आपलाच समजून धरत होता. बरेच जण सरळ हे पॅकेज काढून टाकायला सांगतात. पण आमचा एक वर्गमित्र त्याच मशीनवर ब्रेल डिस्प्ले लावते. त्याच्या डिस्प्लेचा आयडी वेगळा, म्हणून यूडेव्हची (उपकरण जोडल्यावर काय करायचं ते ठरवणारा प्रोग्राम) नियमफाइल ईटीसी फोल्डरात कॉपी करून तेवढ्या एका आयडीची ओळ बंद केली. आता बोर्डही चालते अन् त्याचा डिस्प्लेही. सामायिक मशीन असेल तर भाऊ, आधी विचारा, मगच पॅकेज काढा.

मानेवाड्याहून: माझा अनुभव उलटा. रियलटेक ८८२१सीई वायफायसाठी ५.४ कर्नलवर बाहेरचा ड्रायव्हर लागायचा. ५.१५ मध्ये आरटीडब्ल्यू८८ हा कर्नलचाच ड्रायव्हर त्या चिपला चालवतो. जुना डीकेएमएसमधून काढल्यावर वायफाय स्थिर झालं. एलएसपीसीआय -एनएनके ही कमांड दिली की कोणता ड्रायव्हर वापरात आहे ते लगेच दिसतं.

महालहून: दुकानाची बिलं लिनक्सवरच निघतात, गिऱ्हाईक समोर उभं असताना लॉग वाचत बसता येत नाही. त्या दिवशी ग्रबमध्ये (मशीन सुरू होतानाचा मेनू) ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ मधून आधीचा कर्नल निवडला आणि धंदा सुरू केला. दुरुस्ती दुकान वाढवल्यावर केली. मेनू दिसत नसेल तर सुरू होताना एस्केप दाबा, जुन्या बायॉसवर शिफ्ट. आणि नव्या कर्नलवर सगळं चालतंय याची खात्री होईपर्यंत जुना काढू नका.