जुन्या रेसकोर्सला कॅसिनो जोडला तर घोडे वाचतील का?

कोपरीकर: अमेरिकेत म्हणे गर्दी आटलेल्या जुन्या रेसकोर्सवर जुगाराची स्लॉट मशीन लावतात, त्याला रेसिनो म्हणतात. आपल्या महालक्ष्मीला रेस १८८३ पासून चालू आहेत, पण आता २११ एकरांतली १२० पार्ककडे आणि ९१ रेस भरवणाऱ्या क्लबकडे. तिथे एक कोपरा कॅसिनोला दिला तर काय बिघडलं? लोक गोव्याला जाऊन पैसे उडवतातच की!

वाशीवाला१७: कायद्यात बसत नाही भाऊ. महाराष्ट्रात १९७६ चा कॅसिनो कायदा होता, तो लागूच केला नाही कुणी आणि २०२३ ला रद्दच करून टाकला. घोड्यांवर पैसे लावणं चालतं कारण सुप्रीम कोर्टाने १९९६ ला त्याला कौशल्याचा खेळ म्हटलंय, मशीनचं बटण दाबायला कसलं डोंबलाचं कौशल्य.

नेरूळची_मीरा: कायदा बदलता येतो हो, मला खोट वेगळीच दिसते. रेसिनोत मशीनच्या कमाईतला काही हिस्सा रेसच्या बक्षिसात जातो, पेनसिल्व्हेनियाने २००४ ला असाच कायदा केला, त्यामुळे बक्षिसं वाढतात, मालक घोडे विकत घेतात, तबेले भरतात, सगळं झकास. पण प्रेक्षकांचा स्टँड रिकामाच, कारण मशीनवर बसलेला माणूस मान वर करून घोडा बघत नाही. मग रेसकोर्सचा मालक हिशोब करतो की मशीन कमावतात, घोडे खातात आणि वर एवढी जमीन अडवतात, तर घोडे कशाला हवेत? फ्लोरिडात रेस न घेता मशीन चालू ठेवायची परवानगी द्या यावरून केवढं रामायण झालंय. शिकागोच्या आर्लिंग्टनला तर २०१९ ला कॅसिनोची मुभा मिळाली होती, पण मालक कंपनीने जवळच्याच दुसऱ्या कॅसिनोत मोठा हिस्सा घेतला होता, तिने अर्जच केला नाही. २०२१ ला रेस बंद, २०२३ ला जागा फुटबॉल टीमला विकली.

कोपरीकर: म्हणजे कॅसिनो नाही तरी मरण, आहे तरी मरण?

नेरूळची_मीरा: मकाऊ बघ ना. अख्खं गाव कॅसिनोवर जगतं, तरी तिथला रेसकोर्स २०२४ ला बंद पडला. कॅसिनोचा पैसा घोड्यांकडे आपोआप वळत नाही, करारात लिहून घ्यावं लागतं की एवढ्या रेस घ्याल तरच मशीन चालतील, आणि ती अट पुढे कुणी काढणार नाही याची खात्री कोण देणार, आपल्याकडे तर बोलायलाच नको.

घोडबंदर_रोडचा_त्रस्त: आधी टॅक्सचं बघा. पूर्ण लावलेल्या रकमेवर जीएसटी, ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के आणि सप्टेंबर २०२५ पासून ४०. टोटवर, म्हणजे रेसकोर्सच्या अधिकृत खिडकीवर, रीतसर पैसे लावणारा सरळ बेकायदा बुकीकडे जातो, तो कुठे पावती फाडतोय? आणि रेसकोर्स मुलुंडला हलवायची टूम परत काढू नका, तिथल्या आनंदनगर नाक्याला ट्रॅफिकमध्ये आधीच जीव जातो.

वाशीवाला१७: 😂 पावसाळ्यात रेस पुण्याला असतात, तेवढे महिने तरी सुटशील.