मदत हवी आहे: रिकार्डोचा खंड सिद्धांत इंदापुरात का फसला?

नमस्कार मंडळी,

एम.ए.चा अभ्यास करताना एका जागी अडकलोय, जाणकारांनी जरा हात द्यावा.

इंग्लंडचा अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डो आणि त्याचा खंडाचा, म्हणजे जमिनीच्या भाड्याचा, सिद्धांत मला कळला तो असा. लोकसंख्या वाढते तशी हलकी जमीनही नांगराखाली येते. सारख्याच खर्चात एका रानात १० मण, दुसऱ्यात ८ आणि सगळ्यात हलक्या रानात ६ मण पिकलं, तर सगळ्यात हलक्या रानापेक्षा जे जास्त पिकतं तो खंड, म्हणजे अनुक्रमे ४ मण, २ मण आणि शून्य. धान्य महागतं, पोटापुरती मजुरीसुद्धा मालकाला जड जाते, नफा घटतो आणि शेवटी भांडवल साठायचंच थांबतं. बाहेरचं धान्य अडवणाऱ्या इंग्लंडच्या १८१५ च्या धान्य कायद्याला त्याचा विरोध होता तो यासाठीच. बाहेरून धान्य आलं की ती वेळ लांबते. इथवर ठीक.

घोडं अडतं ते पुणे जिल्ह्यात. अर्थशास्त्रज्ञ माल्थस जिथे शिकवायचा त्या ईस्ट इंडिया कंपनीच्या हेलीबरी कॉलेजात शिकलेल्या प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याने १८२० च्या दशकाअखेरीस याच सिद्धांतावर सारा बसवला. पिकातून लागवडीचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सरकारचे. खंडावरच्या कराने नफ्याला किंवा मजुरीला धक्का लागत नाही, असं रिकार्डो सांगतो. मग लोक जमिनी टाकून का गेले? १८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांना इंदापुरात सगळं नव्याने का मांडावं लागलं?

मोजणीतली लाचखोरी आणि चुकीची प्रतवारी ही कारणं वाचली आहेत. पण तेवढ्याने माझं समाधान होत नाही. वरचंच पहिलं रान घ्या. खर्च ६ मण, भाव मणाला १ रुपया, म्हणजे निव्वळ ४ रुपये आणि सारा साधारण सव्वादोन रुपये. भाव निम्म्यावर आला तर निव्वळ उरतात २ रुपये, सारा मात्र रोखीत तेवढाच! आणि त्या काळात दख्खनेत धान्याचे भाव खरोखरच पडले होते.

दुसरं, रिकार्डोच्या इंग्लंडात जमीनदार, भांडवल घालणारं कूळ आणि मजूर हे तिघे वेगळे. इंदापूरचा कुणबी बहुधा एकटाच तिन्ही. मग घरच्या माणसांची मजुरी खर्चात किती धरायची? ती कमी धरली, तर खंड म्हणून जे वसूल झालं ते मुळात त्याच्या भाकरीतलं आणि बैल-बियाण्याच्या पैशातलं. तसं असेल तर जमिनी ओस पडणं रिकार्डोच्याच हिशेबात बसतं, आणि सिद्धांत फसला असं म्हणता येत नाही.

प्रिंगलने घरची मजुरी कोणत्या दराने धरली होती, हे कुणी मूळ कागदांत पाहिलंय का? मराठीत यावर काही वाचण्यासारखं असेल तर तेही सांगा.