8 वर्षं बंद पडलेला मॅसी 1035 ट्रॅक्टर चालू करायचाय, बजेट 25 हजार

करमाळ्याचा_कोरडवाहू
नमस्कार मंडळी. वडलांनी घेतलेला मॅसी 1035 आहे, 1998 चा. वडील 2017 ला गेले तेव्हापासून गोठ्याच्या मागं उभाय तो उभाच. मी पुण्यात कंपनीत होतो, आता गावी आलोय, सव्वापाच एकर रान आहे आणि दरवेळी भाड्याचा ट्रॅक्टर म्हणजे त्यांची मर्जी, पाऊस पडून वाफसा आला की सगळ्यांना एकाच दिवशी पाहिजे असतो आणि आपला नंबर येईस्तोवर वाफसा गेलेला असतो. म्हणून म्हटलं घरचा आहे तो बघू. बजेट 25 हजार, लईच ताणलं तर 30, त्याच्यापुढं गेलो तर आई मला ट्रॅक्टरसकट भंगारात घालेल.

आत्ता काय आहे ते सांगतो. दुसऱ्याच्या गाडीची बॅटरी जोडून सेल्फ मारला तर नुसतं टक्क होतं आणि लाईट मंद होते, इंजिन जागचं हलत नाही. डिझेलच्या टाकीत तळाला डांबरासारखं काहीतरी बसलंय. वायरी उंदरांनी खाल्ल्यात. बॉनेटला एका जागी बोट लावलं तर आरपार गेलं. शेजारचे म्हणतात माझा ट्रॅक्टर लावून साखळीनं ओढू, दुसऱ्या गिअरात टाकायचा, हिसक्यानं सुटतोय. करू का?

रिटायर_मिस्त्री
ओढायचं नाही. शेजाऱ्याला चहा पाज आणि घरी पाठव.

आता मला एक सांग, सायलेन्सरच्या तोंडावर डबा पालथा घातलेला होता का?

करमाळ्याचा_कोरडवाहू
काका होता, तेलाचा पत्र्याचा डबा. वादळात उडाला दोन-तीन वर्षांमागं, परत कोणी घातला नाही. त्याचा काय संबंध?

रिटायर_मिस्त्री
सगळा संबंध तिथंच आहे. तीन सिलिंडरपैकी ज्याचा एक्झॉस्ट वाल, म्हणजे धूर बाहेर सोडणारी झडप, उघडा असताना इंजिन थांबलं त्याच्यात सायलेन्सरमधनं पावसाचं पाणी उतरलं, पिस्टनच्या रिंगा गंजून लायनरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीला, धरल्या. बाकीचे दोन बहुतेक बरे असतील. म्हणजे तुझं इंजिन गेलेलं नाही, एका जागी चिकटलंय. आता अशा इंजिनाला तू ट्रॅक्टर लावून हिसका दिलास तर पिस्टन हलंल किंवा कनेक्टिंग रॉड वाकंल, आणि वाल गंजून उघडा अडकला असेल तर पिस्टन येऊन त्याच्यावर आदळणार, पुश रॉडचं धनुष्य होणार. फुकटच्या कामाचं चाळीस हजाराचं काम असं होतं, मी आयुष्यभर त्याच्यावरच जेवलो.

एक रुपया खर्च करायच्या आधी हे कर. ऑइलचा चेंबर बोल्ट हळू ढिला कर, पूर्ण काढू नको, खाली स्टीलचं पातेलं धर. पाणी जड असतं, ते आधी येतं. वाटीभर आलं तर चालतंय, बादलीभर आलं तर हेड पॅकिंग नाहीतर ब्लॉक बघावा लागेल. मग सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे तिन्ही नोझल काढ, पाइपांची तोंडं प्लास्टिकनं बांध, डिझेल पंपात कचरा जाता कामा नये. प्रत्येक भोकात अर्धा कप डिझेल आणि एटीएफ ऑइल (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल) अर्धं अर्धं करून सोड आणि पाच दिवस विसरून जा. रोज जाऊन हलवायची खाज असते, ती आवर.

टॅपेट कव्हर, म्हणजे वालांवरचं झाकण, उघडून ठेव. प्रत्येक वाल हातोडीच्या लाकडी दांड्यानं दाबून बघ, खाली जाऊन वर आला पाहिजे. जो येत नाही त्याच्या दांडीवर तेच तेल.

भाऊ_बारामती
स्पष्ट बोलतो राग मानू नका. 30 हजारात इंजिन चालू होईल हो, पण टायर? मागचे 12.4-28 मापाचे दोन नवे घ्यायला गेलात की तुमचं बजेट तिथंच संपलं. मग क्लच, मग हायड्रॉलिक, मग रेडिएटर. मी पण वडलांचा म्हणून एक ठेवला होता, शेवटी लग्नाच्या मांडवात नवरदेवाला बसवण्याच्या लायकीचा झाला फक्त. आहे तसा विका, किलोवर सुद्धा चांगले येतात.

उद्यमनगरवाला
भाऊ, तुमचं टायरचं म्हणणं बरोबर पण सव्वापाच एकराला नवे टायर कशाला पाहिजेत, रिमोल्ड (जुन्यावर नवं रबर चढवलेले) बघा नाहीतर अर्धे झिजलेले जुने, ऊस वाहतुकीवाले बदलतातच की. मात्र टायर काढाल तेव्हा रिम आतनं बघा, पूर्वी वजनासाठी टायरमध्ये पाणी भरायचे आणि ते हवेच्या वालच्या भोकापासून रिम खातं. बाहेरनं रंग छान आणि आतनं चाळण.

मला गंजावर बोलायचंय. बाजारातला स्प्रे आणू नका, पैसे वाया. आमच्या कोल्हापूर भागात फुकटची युक्ती म्हणजे साखर कारखान्याची मळी (मोलॅसिस), नसेल तर गुऱ्हाळातली खराब झालेली काकवी. एक भाग मळी, नऊ भाग पाणी, प्लास्टिकच्या ड्रममध्ये. त्यात गंजलेले सुटे पार्ट टाकायचे, दोन आठवडे ठेवायचे. लोखंडाला फारसा धक्का लागत नाही, गंज तेवढा सुटतो, वर काळपट साय येते आणि वास असा येतो की बायको घराबाहेर काढते. मी मागची सीट पट्टी, पिना, लिंक, टॉप लिंकचे आटे असे केलेत, तांब्याच्या ब्रशनं चोळलं की आटा नव्यासारखा. अ‍ॅल्युमिनियमचं काही त्यात टाकू नका, ते खातं.

डिझेल टाकी मात्र वेगळी. उतरवून आत मूठभर बारीक खडी आणि थोडं डिझेल टाकायचं, गोणपाटात गुंडाळून दोघांनी पाळण्यासारखी हलवायची, तास-दीड तास, कंटाळा येईस्तोवर. खडी मोजून टाका आणि मोजून काढा, माझा एक खडा राहिला होता तो बरोब्बर कॉकच्या तोंडाशी जाऊन बसायचा, नांगर निम्म्या रानात आला की ट्रॅक्टर बंद, उभा केला की परत चालू. चार महिने मी पंपवाल्याला शिव्या दिल्या.

सुनंदा_ताई
दादा, इंजिनाचं हे लोक सांगतीलच. कागदाचं पण बघून ठेवा, आमचं तिथंच अडलं होतं. आरसी वडलांच्या नावावर असेल तर वारसाच्या नावावर करायला फॉर्म 31 लागतो. 1998 ची आरसी म्हणजे पंधरा वर्षं 2013 लाच संपली, नूतनीकरण झालंय का बघा, नसेल तर ते वेगळं. आणि कर्जावर घेतला होता का? फिटलेलं असलं तरी बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 दिल्याशिवाय आरसीवरचं बँकेचं नाव निघत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सातबारा काढून इतर हक्कात बघा, ट्रॅक्टरच्या कर्जाचा बोजा तिथं अजून असेल. आमचा सासऱ्यांनी फेडून अकरा वर्षं झाली होती तरी तसाच होता, पीककर्ज घ्यायला गेलो तेव्हा कळलं.

करमाळ्याचा_कोरडवाहू
सगळ्यांचे आभार. नऊ दिवसांनी लिहितोय.

काका, तुम्ही देव आहात. चेंबर बोल्ट ढिला केला तर आधी दोन चमचे स्वच्छ पाणी आलं, मग चहासारखं पिवळट आणि मग काळं ऑइल. नोझल काढले, दोन सुटले, तिसऱ्याला पूर्ण दिवस गेला, तोच पाण्याचा सिलिंडर निघाला. सहाव्या दिवशी सेल्फ काढून त्याच्या भोकातनं फ्लायव्हीलच्या दातांना बार लावला. एक इंचभर पुढं, मग मागं, मग पुढं. अर्धा तास असंच. आणि मग एकदम कर्र करून मऊ झालं, हातातला बार सुटून माझ्या नडगीवर. आई पळत आली, तिला वाटलं मी रडतोय.

सुनंदाताई, बोजा आहेच. 2006 चा.

आता चालू करू का?

रिटायर_मिस्त्री
थांब. घाई इथंच नडते.

नोझल बाहेर असतानाच सेल्फ मार, भोकातलं तेल कारंज्यासारखं उडंल, वर पोतं टाक आणि तोंड लांब ठेव. ते आत राहिलं आणि नोझल लावून मारलास तर तेल दाबलं जात नाही, रॉड वाकतो. ऑइल प्रेशरचा काटा हलेस्तोवर फिरव. नवीन ऑइल सात लिटरच्या आसपास लागेल, पहिलं स्वस्तातलं टाक, तीन तास चालव आणि ओतून दे.

नोझल तिन्ही लॅबमध्ये तपासून आण, इथं पैसे वाचवू नको. रंगाला वाचव, सीटला वाचव. चालू नोझलच्या फवाऱ्यापुढं बोट धरायचं नाही, डिझेल कातडीत घुसतं आणि ते साधं दुखणं नाही.

डिझेलच्या नळ्यांतली हवा काढायची असेल तर आधी फिल्टरवरचा स्क्रू, मग पंपाच्या बाजूचा, मग वरचा, शेवटी नोझलच्या नळ्या. डिझेलच्या हातपंपाची दांडी ढिली लागली आणि डिझेल येईना तर पंप बिघडला म्हणू नको, खालचा कॅम वर आलेला असतो, इंजिन थोडं फिरव आणि परत मार.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. आठ वर्षं पडलेल्या पंपातला वाल अडकलेला असू शकतो. चालू झाला आणि रेस वाढतच गेली, स्टॉपची वायर ओढूनही थांबेना, तर घाबरून पळायचं नाही. एअर क्लीनरचा पाइप काढून ठेव आणि एक माणूस जेवायला बसायचा पाट घेऊन उभा कर. गरज पडली की तोंडावर पाट दाबायचा. हात नाही, फडकं नाही, ते आत ओढलं जातं.

करमाळ्याचा_कोरडवाहू
चालू झाला!! पाट घेऊन आईच उभी होती, दुसऱ्या कोणावर विश्वास नाही म्हणाली. चौथ्या सेल्फला आधी एका सिलिंडरवर धडधडला, पांढरा धूर इतका की गल्लीतली पोरं गोळा झाली, मग दुसरा धरला, मिनिटभरानं तिसरा. पाट लागला नाही. हिशोब: जुनी बॅटरी 3200, नोझल 2700, ऑइल फिल्टर डिझेल सगळं मिळून 4100, वायरिंग मीच केलं.

आता गिअर पडत नाही, नुसता कर्र आवाज. काका म्हणणार क्लच प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटली, म्हणून मी आधीच पेडल दाबून खाली बाभळीचं लाकूड अडकवून ठेवलंय, बरोबर ना?

रिटायर_मिस्त्री
बरोबर. चार दिवस तसाच राहू दे, मग इंजिन चांगलं गरम करून बघ. तरी नाही सुटली तर ट्रॅक्टर मधनं फोडावा, म्हणजे इंजिन गिअरबॉक्सपासून वेगळं करावं लागेल, मग मला फोन कर, उरलेले पैसे खर्चू नको.

करमाळ्याचा_कोरडवाहू
हो काका. उद्यमनगरवाले दादा, तुमच्या सांगण्यावरून काकवीचं पाणी केलंय, पिना टाकल्यात, पण ड्रमला सकाळी काळ्या मुंग्यांची रांग लागली आणि दुपारपर्यंत मधमाश्या. शेजाऱ्याच्या म्हशीनं पण एकदा तोंड घातलं. झाकण काय लावता तुम्ही?