मदत हवी आहे: जिप्सी किंगला जुन्या एमजी४१० चा मागचा ॲक्सल बसेल का?

नमस्कार मंडळी,

गाडी मारुती जिप्सी किंग, १९९८ ची, कार्ब्युरेटरवाली, म्हणजे एमजी४१३डब्ल्यू, १.३ लिटर इंजिन आणि पाच गियर. गाडी असते भोरच्या पुढे हिर्डोशीच्या बाजूला, शेतावर. पावसाळ्यात रस्त्याचा शेवटचा पट्टा नुसता चिखल असतो, फोर व्हील टाकल्याशिवाय वाडीपर्यंत पोचताच येत नाही, खताच्या गोण्या, दुधाचे कॅन, आजारी माणूस, सगळं हिच्यातूनच वर-खाली होतं. त्यामुळे ही हौसेची गाडी नाही, उभी राहिली की घरातली आणि शेजारच्यांची पण कामं अडतात.

प्रॉब्लेम मागच्या डिफरन्शियलचा आहे, म्हणजे ॲक्सलच्या मधोमध असतो तो, शाफ्टची ताकद दोन्ही चाकांना वाटणारा गियरचा संच. चाळीसच्या पुढे गेलं की वूंऽऽ असा आवाज सुरू होतो, ॲक्सिलरेटर दाबला की वाढतो, पाय काढला की बराच कमी होतो. पिनियनच्या (शाफ्टने फिरणारा छोटा गियर) ऑइल सीलमधून पाझर आहे, हौसिंगच्या (ॲक्सलचं बाहेरचं कवच) तोंडाशी ऑइल आणि धूळ मिळून काळा लेप बसलाय, बोटाने खरवडला तर आतून ओलसर लागतो. गॅरेजवाला म्हणतो क्राउन-पिनियन, म्हणजे तो छोटा गियर आणि त्याने फिरणारा मोठा गियर, ही जोडी संपली.

आता मुद्द्याचं. एका भंगारवाल्याकडे १९८९ ची एमजी४१० तोडायला आलीये. तिचा मागचा अख्खा ॲक्सल, ड्रमसकट, परवडेल अशा भावात द्यायला तो तयार आहे. गॅरेजवाल्याचं म्हणणं, जिप्सी ती जिप्सी, पाट्याचे यू-बोल्ट सोडायचे, जुना खाली घ्यायचा, दुसरा टांगायचा, एका दिवसाचं काम. माणूस चांगला आहे, हात पण चांगला आहे, पण त्याच्याकडे रोज येतात त्या टू व्हील ड्राइव्ह गाड्या, त्यामुळे माझं मन काही तयार होत नाहीये.

मी जेवढं गोळा केलंय ते असं: १९८५ ला आली ती एमजी४१०, ९७० सीसी इंजिन आणि चार गियर. १९९३ मध्ये वाइड ट्रॅक आली, एमजी४१०डब्ल्यू, इंजिन तेच पण चाकं बाहेर सरकली. १९९६ ला किंग आली, १२९८ सीसीचं जी१३बीए इंजिन आणि पाचवा गियर घेऊन, आणि २००० मध्ये सोळा व्हॉल्व्हवालं एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन) आलं, सोबत ब्रेक बूस्टर (इंजिनच्या व्हॅक्यूमने ब्रेक हलका करणारा). बाहेरून बघितलं तर सगळ्या एकाच साच्यातल्या वाटतात, पण आत काय काय बदललंय ते मला नीट सांगणारं कुणी भेटत नाहीये.

तर १९८९ चा ॲक्सल १९९८ च्या गाडीला बसतो का, आणि बसला तरी चालतो का? पैसे देण्याआधी तिथे उभं राहून मी नक्की काय काय मोजू? आणि दुसरं, माझ्या गाडीला बूस्टर नाही, भरलेली गाडी घाटात उतरवताना ब्रेकवर जवळजवळ उभं राहावं लागतं, तर नंतरच्या एमपीएफआय जिप्सीचा बूस्टर हिला लावता येईल का? भंगारात तोही एक दिसलाय. लवकर सांगा, तो माणूस फार दिवस थांबणार नाही.

प्रतिसाद १

दादा, आधी थांबा, ॲक्सल अजिबात उचलू नका. बसण्याचा प्रश्न नंतरचा, आधी रेशो बघा, म्हणजे चाकांच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे होतात ते.

जिप्सीला सेंटर डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलला वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं, नाही. फोर व्हीलचा दांडा टाकला की ट्रान्सफर केसमधून (गियरबॉक्सची ताकद पुढे-मागे वाटणारा डबा) पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट (ताकद ॲक्सलपर्यंत नेणारा) एकमेकांना पक्के जोडले जातात, दोघांना एकाच वेगाने फिरावंच लागतं. आता समजा पुढच्या डिफरन्शियलचा रेशो ३.७३ आणि मागचा ४.११ असा निघाला, तर शाफ्ट सारखेच फिरतात पण पुढची चाकं अकरा फेरे मारतील तेव्हा मागची दहा मारतील. रस्ता एक, गाडी एक, आणि चाकं वेगवेगळं अंतर मागतायत. चिखलात चाकं घसरून थोडंफार निभावून जाईल, म्हणून सुरुवातीला कळणारच नाही. पण खडकावर किंवा सुक्या जमिनीवर आलात की सगळा ताण शाफ्टमध्ये साठतो, दांडा अडकतो, स्टिअरिंग जड होतं आणि जे कमजोर असेल ते तुटतं. टू व्हीलमध्ये मात्र गाडी मस्त चालेल, म्हणूनच तुमच्या गॅरेजवाल्याला यात काही वावगं दिसत नाहीये.

रेशो मोजायला काही लागत नाही. सपाट जागी गाडी उभी करा, पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा, गियर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. मागचं एकच चाक जॅकवर उचला आणि खाली घोडी (स्टँड) लावा, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली जायचं नाही. प्रोपेलर शाफ्टवर खडूची रेघ मारा, टायरवर एक मारा. एक चाक जमिनीवर अडकलेलं असल्याने उचललेलं चाक दोन फेरे फिरलं की क्राउन एक फेरा फिरतं. म्हणून चाक वीस फेरे फिरवा आणि तेवढ्यात शाफ्ट किती फिरला ते दुसऱ्या माणसाला मोजायला सांगा. एक्केचाळीसच्या आसपास आला तर रेशो ४.१, सदतीसच्या आसपास आला तर ३.७, मधलं काही आलं तर ते. असंच पुढच्या ॲक्सलला पण करा, तेव्हा दांडा टू व्हीलमध्ये हवा, दगड मागच्या चाकांना, आणि फ्री व्हील हब (पुढची चाकं ॲक्सलपासून सोडणारे) असतील तर लॉक करून. भंगारातला ॲक्सल सुटा आहे, तिथे एका बाजूचा ड्रम कुणालातरी घट्ट धरायला लावा, दुसरा वीस फेरे फिरवा, पिनियनच्या फ्लँजचे (शाफ्ट जोडायची चकती) फेरे मोजा.

प्रतिसाद २

वरच्यांनी रेशोचं सांगितलंच आहे, पण १९८९ ची म्हणजे नॅरो ट्रॅक. तिचा मागचा ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर) १२२० मिमी आणि वाइड ट्रॅकचा १३१०. म्हणजे मागची चाकं दोन्ही बाजूंनी साडेचार सेंटीमीटर आत जाणार आणि पुढची जिथल्या तिथे राहणार. चिखलात पुढच्या चाकाने पाडलेल्या चाकोरीतून मागचं चाक चालतं म्हणून गाडी निघते, तुमचं मागचं चाक दर वेळी नवा चिखल कापत बसेल. आणि जिप्सी आधीच उंच आणि अरुंद, गोण्या भरून बाजूच्या उतारावर मागून अजून अरुंद करणं मला तरी धोक्याचं वाटतं. माझ्याकडे बरीच वर्षं नॅरो ट्रॅक होती म्हणून कळकळीने सांगतोय. वेगळा पार्ट लावायचाच असेल तर पुढचा-मागचा जोडीने, एकाच गाडीचा लावा, एकटा मागचा कधीच नाही.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. हे अंतराचं माझ्या लक्षातच आणून दिलं नव्हतं कुणी. मग समजा मला १९९३ नंतरच्या वाइड ट्रॅक ४१० चा मिळाला तर? रुंदी तरी जुळेल ना?

प्रतिसाद १

रुंदी जुळेल, पण ९७० सीसीचं इंजिन आणि १.३ चं इंजिन यांना एकच रेशो दिला असेल असं धरून चालू नका, तिथेही मोजायचंच. शिवाय प्रोपेलर शाफ्टची फ्लँज: बोल्टची जाडी आणि भोकांमधलं अंतर व्हर्नियरने बघा. फ्लँजला नवीन भोकं पाडून देतो असं कुणी म्हणालं तर सरळ निघून या, तो शाफ्ट एक मिलिमीटर जरी सेंटरच्या बाहेर गेला तरी गाडी थरथरेल आणि पिनियन बेअरिंगही जाईल. ब्रेक शूची रुंदी, व्हील सिलिंडर आणि हँडब्रेकची केबल कुठे येते हेही बघून घ्या.

प्रतिसाद ३

पण अख्खा ॲक्सल हवाय कशाला? जिप्सीच्या हौसिंगमधून डिफरन्शियलची पूर्ण असेंब्ली एकसंध बाहेर निघते. दोन्ही ॲक्सल शाफ्ट थोडे बाहेर ओढायचे, प्रोपेलर शाफ्ट सोडायचा, गोलातले नट काढले की क्राउन-पिनियनसकट सगळं हातात येतं (वजन आहे, दोघं जण लागा). दुसऱ्या किंगची तीच असेंब्ली मिळाली तर तुमचं हौसिंग, तुमचे ब्रेक, तुमचा ट्रॅक, सगळं तुमचंच राहतं. बसवायच्या आधी रेशो तेवढा मोजा, आता तर दात मोजूनच कळेल, क्राउनचे दात भागिले पिनियनचे दात.

आणि त्याही आधी, खरंच क्राउन-पिनियन गेलंय का ते खात्रीने बघा. आवाज लोडवर वाढतोय आणि सोडल्यावर कमी होतोय, सीलमधून ऑइल गेलंय, तर बिघाड पिनियनच्या बाजूलाच आहे, पण कधी कधी दात चांगले असतात आणि बेअरिंग गेलेलं असतं. ऑइल काढून पांढऱ्या फडक्यावर ओता. बारीक चंदेरी भुकटी थोडी असतेच, पण बोटाला टोचणारे कण किंवा चकत्या आल्या तर दात किंवा बेअरिंग तुटतंय. ऑइल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. तुम्ही ओढ्यातून गाडी घालत असणारच, तर हौसिंगवरचा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारं तोंड) साफ आहे का बघा, तो चिखलाने बुजला की गरम झालेली हवा सीलमधून वाट काढते आणि ऑइल घेऊन बाहेर येते. नवीन सील टाकून ब्रीदर तसाच ठेवला तर दोन महिन्यांत परत तेच.

प्रतिसाद ४

बूस्टरचं मी सांगतो, हे काम करण्यासारखं आहे आणि होतं. कार्ब इंजिनच्या इनटेक मॅनिफोल्डला पण व्हॅक्यूम असतोच, त्यामुळे बूस्टर चालतो. फक्त सुटा बूस्टर घेऊ नका, एकाच गाडीचा पूर्ण सेट घ्या: बूस्टर, त्याचाच मास्टर सिलिंडर, पेडलचा ब्रॅकेट आणि पुशरॉड, व्हॅक्यूमचा पाइप आणि त्यातला एकतर्फी व्हॉल्व्ह. मास्टर सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) वेगळा निघाला तर पेडलचा प्रवासच बदलतो. सिलिंडरचा रबर किट नवीन टाका, भंगारातल्या रबरवर जीव टाकायचा नाही. बसवल्यावर टेस्ट सोपी आहे, इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा म्हणजे ते कडक होईल, मग दाबून धरूनच इंजिन चालू करा, पेडल किंचित खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर व्हॅक्यूम पोचत नाहीये.

प्रतिसाद ५

तुमचं अजून इंजिनाकडे लक्ष गेलं नाहीये ते बरंच आहे. एमपीएफआय इंजिन टाकायचं म्हटलं की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), वायरिंग, टाकीतला पंप, सगळंच सोबत येतं, आणि इंजिन नंबर बदलला की आरटीओची परवानगी घेऊन आरसीवर नोंद करावी लागते. डिफरन्शियलला ती भानगड नाही, पण भंगारवाल्याकडून बिल मात्र घ्या.

मी चंद्रपूरचा, ताडोब्याच्या सफारीमुळे आमच्याकडे जिप्सी भरपूर आहेत, मोहर्लीच्या बाजूला ओळखीच्यांना विचारून बघतो किंगची असेंब्ली सुटी कुणाकडे आहे का.

धागाकर्ता

विचारा हो दादा, मोठे उपकार होतील. १९८९ चा ॲक्सल नको म्हणून भंगारवाल्याला सांगून टाकलं, बूस्टरचा सेट मात्र राखून ठेवायला लावलाय, मास्टर सिलिंडर त्याच गाडीचा आहे आणि पेडल ब्रॅकेट काढून देतो म्हणालाय. गॅरेजवाल्याला हे सगळं वाचून दाखवलं, पुढचं-मागचं रेशोचं त्याला लगेच पटलं, रविवारी आम्ही दोघं मिळून आधी ऑइल काढून बघणार आणि पुढचा-मागचा दोन्ही मोजणार.

एक शेवटचं, असेंब्ली मिळाली तर बसवताना आतलं सेटिंग काही करावं लागतं का?

प्रतिसाद ३

चांगल्या चालत्या गाडीतून निघालेली असेल तर आत हात लावू नका. क्राउन आणि पिनियनची जोडी एकत्र घासून बसलेली असते, शिम (पातळ चकत्या) आणि बॅकलॅश (दातांमधला खेळ) तिच्या हिशोबाने लावलेलं असतं. तुमचं पिनियन आणि त्यांचं क्राउन असं मिसळायचं नाही. घेण्याआधी फ्लँज हाताने हलवून बघा, मागे-पुढे किंवा वर-खाली खेळ लागला तर पिनियन बेअरिंग सैल आहे, सोडून द्या. फेरे मारताना हलका एकसारखा खेळ जाणवला तर हरकत नाही, पण मध्येच घट्ट मध्येच सैल असं झालं तर दात कुठेतरी मारलेला आहे. पिनियन सील, ॲक्सल शाफ्टची दोन्ही सील आणि तोंडाचं पॅकिंग नवीन, ऑइल ८०डब्ल्यू-९० जीएल-५, फिलरच्या भोकापर्यंत. सुरुवातीचे काही दिवस जास्त ओझं घालू नका आणि हौसिंगला हात लावून बघत जा, हात ठेवता येत नाही इतकं तापलं तर गाडी लगेच थांबवा आणि इथे लिहा.

धागाकर्ता

नोंद करून घेतलं सगळं. मंडळी, कुणाकडे किंवा कुणाच्या ओळखीत एमजी४१३डब्ल्यू ची मागची डिफरन्शियल असेंब्ली असेल तर व्यक्तिगत निरोप करा, पुणे, सातारा, कोल्हापूर कुठेही येऊन घेऊन जाईन, फक्त येण्याआधी दात मोजून सांगा.