मदत हवी आहे: आईची चक्कर कानाची की बीपीची?

आई ७४ वर्षांची. तिला दोन तऱ्हांची चक्कर येते. उजव्या कुशीवर वळलं की घर गरगर फिरतं, अर्ध्या मिनिटात थांबतं. दुसरी वेगळीच. पहाटे बाथरूमला जायला उठली की डोळ्यांपुढे अंधारी, पाय लटपटतात, पलंगाची कड धरून उभी राहते.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी मान वळवून झटकन आडवं करून पाहिलं, कानातले खडे सरकलेत म्हणाले आणि तिथेच इप्ले (डोकं ठरावीक क्रमाने फिरवून खडे जागेवर आणायची पद्धत) केलं. गरगरणं बरंच थांबलं, अंधारी तशीच. बीटाहिस्टीन या चक्करेच्या गोळीने अंधारीत फरक नाही. घरी मोजलेलं बीपी: आडवं असताना १४८/८०, उभं राहून तीन मिनिटांनी १२०/७०. साखर, हिमोग्लोबिन, ईसीजी ठीक. ऐकू नीट येतं, बोलणं अडखळत नाही, हातपाय बधिर होत नाहीत. मानेचा पट्टा कृपया सुचवू नका, तो वापरून झाला. (या वयात एक्स-रेत मणक्याची झीज कुणाची दिसत नाही?)

बीपीच्या टेल्मिसार्टन आणि अ‍ॅम्लोडिपिन, दोन्ही गोळ्या रात्री घेते. मनाने बंद करणार नाही; पुढच्या आठवड्यात फिजिशियनकडे जातोय. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० पेक्षा जास्त उतरत असेल तर गोळीची वेळ बदलतात, डोस कमी करतात की औषधच बदलतात? तुमच्या घरी कशाने फरक पडला?